अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनावरील माहितीपटाचा खेळ लावताना: परवान्यापासून चर्चेपर्यंत

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनावर आणि न्यायासाठीच्या त्यांच्या लढ्यावर स्वतंत्रपणे काढलेले माहितीपट आणि लघुपट आपल्याकडे महाविद्यालयांत, वाचनालयांत आणि अभ्यासमंडळांत आवर्जून दाखवले जातात. मात्र हे खेळ बहुतेक वेळा उलट्या क्रमाने उभे राहतात. आधी पोस्टर फिरते, मग चित्रपट शोधला जातो, मग कुणीतरी रात्रीत यंत्राकडून सबटायटल काढून घेते, आणि परवानगीची आठवण कार्यक्रमाच्या दिवशी होते. खाली दिलेला क्रम मोडला की पुढच्या पायरीवर अडचण येतेच, म्हणून तो शक्यतो तसाच ठेवावा. हाताशी किमान आठ आठवडे असावेत.

१. आधी प्रेक्षक, मग चित्रपट

पहिला निर्णय चित्रपटाचा नसून प्रेक्षकांचा आणि वेळेचा असतो. सभागृह दोन तासांसाठी मिळणार असेल, तर दीड तासाचा चित्रपट लावून चर्चेला वीस मिनिटे उरवण्यापेक्षा अर्ध्या तासाचा चित्रपट लावून सव्वा तास बोलणे केव्हाही चांगले. या विषयावर उत्तम लघुपटांची वानवा नाही. मॅडलिन अँडरसन यांचा ‘आय ॲम समबडी’ (१९७०) सुमारे अर्ध्या तासाचा आहे. १९६९ मध्ये साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरात रुग्णालयांतील चारशेहून अधिक कामगार, प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रिया, संघटनेच्या मान्यतेसाठी आणि वेतनासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ संपावर होत्या. त्या संपाचे हे चित्रण आहे. सोफिया नाली ॲलिसन यांचा ‘अ लव्ह साँग फॉर लताशा’ (२०१९) अवघ्या १९ मिनिटांचा आहे.

महाराष्ट्रात आयोजकांचा हात सहसा ब्लॅक पँथर पक्षावरील चित्रपटाकडे जातो, कारण १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव तिथून घेतले. ही ओढ समजण्यासारखी आहे. तरी पहिल्या खेळासाठी तो चित्रपट घेऊ नये, असे माझे मत आहे. नावाच्या साम्यामुळे प्रेक्षक ब्लॅक पँथरचे ओकलंड पाहायला बसतात आणि दलित पँथरचा कामाठीपुरा पाहून उठतात. संप, शाळा, घरभाडे किंवा न्यायालय अशा एखाद्या ठोस प्रश्नावरचा चित्रपट लोकांना पडद्यावरच्या माणसांकडे नीट पाहायला लावतो.

तपासणी: निवडलेला चित्रपट आयोजकांपैकी किमान दोघांनी शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत पूर्ण पाहिला आहे का? ट्रेलर पाहून झालेली निवड ही निवड नव्हे.

२. हक्क कोणाकडे आहेत ते शोधा

‘डीव्हीडी आमच्याकडे आहे’ आणि ‘चित्रपट दाखवण्याचा हक्क आमच्याकडे आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी पाहण्यासाठी घेतलेली प्रत सार्वजनिक खेळाला चालत नाही. यूट्यूबच्या अटींमध्ये वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरापलीकडे सार्वजनिक प्रदर्शनाला मनाई आहे, त्यामुळे ‘तिथे फुकट आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. नेटफ्लिक्स आपल्या काही निवडक माहितीपटांच्या एकवेळच्या शैक्षणिक खेळाला परवानगी देते. ती परवानगी त्या चित्रपटाच्या माहितीपानावर नोंदवलेली असावी लागते आणि त्यासाठी तिकीट, देणगी किंवा जाहिरात यांपैकी काहीही चालत नाही. ज्या चित्रपटाखाली ती नोंद नाही, त्याला ती सवलतही नाही.

स्वतंत्र चित्रपटांचे हक्क बहुधा छोट्या वितरकांकडे असतात. न्यूयॉर्कमधील थर्ड वर्ल्ड न्यूजरील आणि आयकॅरस फिल्म्स, सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया न्यूजरील ही त्यांतील जुनी नावे. अगदी नव्या लघुपटांचे हक्क कित्येकदा दिग्दर्शकाकडेच असतात. आधी श्रेयनामावली पाहावी, मग वितरकाच्या सूचीत चित्रपट आजही आहे की नाही हे तपासावे, आणि मगच पत्र लिहावे.

हक्कांचा हा घोळ किती खोल जाऊ शकतो याची दोन उदाहरणे नेहमी ध्यानात ठेवावीत. हेन्री हॅम्प्टन यांची नागरी हक्क चळवळीवरील ‘आइज ऑन द प्राइझ’ ही मालिका १९८७ मध्ये प्रसारित झाली. तिच्यातील जुनी वृत्तदृश्ये, छायाचित्रे आणि गाणी यांचे परवाने ठरावीक मुदतीचे होते. ते नव्वदच्या दशकात संपले आणि मालिका प्रसारणातून व विक्रीतून नाहीशी झाली. परवाने नव्याने मिळवल्यावर २००६ मध्ये ती पुन्हा दूरचित्रवाणीवर आली. चार्ल्स बर्नेट यांचा लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातला ‘किलर ऑफ शीप’ हा कथापट सत्तरच्या दशकातला, पण त्यातील गाण्यांचे हक्क न सुटल्यामुळे तो चित्रपटगृहांत रीतसर लागला २००७ मध्ये. तेव्हा एखादा चित्रपट कुठे मिळतो, यावरून तो दाखवता येतो असे समजू नये.

३. वितरकाला लिहायचे पत्र

पत्र इंग्रजीत, एका पानाचे आणि आकड्यांचे असावे. त्यात संस्थेचे स्वरूप, खेळाची तारीख, गाव, आसनसंख्या, तिकीट आहे की प्रवेश विनामूल्य, खेळ एकच की अनेक, आणि मराठी सबटायटल तयार करण्याची परवानगी हवी आहे, हे सर्व स्पष्ट लिहावे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. सबटायटल म्हणजे भाषांतर, आणि भाषांतराचा हक्क मालकाचा असतो. शिवाय चित्रपट दाखवण्याच्या परवान्यात तो आपोआप येत नाही.

याच पत्रात चार गोष्टी मागून घ्याव्यात: आधी पाहण्यासाठीची प्रत, वेळांसह संवादसंहिता, इंग्रजी सबटायटलची फाइल आणि पोस्टरसाठी वापरता येतील अशी छायाचित्रे. संवादसंहिता मिळाली की भाषांतराचे काम निम्मे होते. परवाना भारतासाठी आहे, हेही उत्तरात लिहून घ्यावे, कारण अनेक वितरकांकडे फक्त उत्तर अमेरिकेचे हक्क असतात. परदेशात पैसे पाठवताना करकपात आणि बँकेची कागदपत्रे लागू शकतात. त्याविषयी आपल्या सीएला पत्र जाण्यापूर्वीच विचारावे, बिल आल्यावर नव्हे.

इशारा: लेखी होकार येईपर्यंत पोस्टर नाही, व्हॉट्सॲपवर घोषणा नाही आणि वर्तमानपत्रात बातमीही नाही. नकार आला तर वेळेत दुसरा चित्रपट घेता यावा, म्हणून पहिल्याच दिवशी दोन वितरकांना पत्रे जावीत.

४. आपल्याकडचा कायदा

येथे दोन कायदे एकमेकांत मिसळले जातात. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ शैक्षणिक संस्थेला तिच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवू देते. मात्र प्रेक्षक त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असावे लागतात. दारावर ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असा फलक लावला की ही सूट संपते. महाविद्यालयाच्या नावाखाली गावभर निमंत्रण देणारे कार्यक्रम नेमके याच ठिकाणी चुकतात.

दुसरा कायदा १९५२ चा चित्रपट कायदा. त्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे आपल्या बोलीतल्या सेन्सॉरचे, प्रमाणपत्र लागते, आणि परदेशी स्वतंत्र माहितीपटांकडे ते सहसा नसते. महोत्सवांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे प्रमाणपत्रातून सूट मागता येते. चित्रपटांची यादी आणि तपशील आधी पाठवावे लागत असल्याने हा अर्ज शेवटच्या आठवड्यात करून उपयोग नाही. ज्या गावात नोंदणीकृत फिल्म सोसायटी आहे, तिथे तिच्या सभासदांसाठी तिच्यासोबत खेळ घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण तिच्या पदाधिकाऱ्यांना ही कागदपत्रे पाठ असतात. आपला खेळ कोणत्या प्रकारात बसतो हे त्यांच्याकडून किंवा वकिलाकडून लेखी घ्यावे.

तपासणी: वितरकाचा होकार, प्रमाणपत्र किंवा सूट, सभागृहाची पावती आणि गरज असल्यास स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेले पत्र, या चार कागदांची एकच फाइल खेळाच्या दिवशी दाराशी असावी.

५. मराठी सबटायटल

सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा. यंत्राने केलेले भाषांतर वरवर नीट दिसते आणि नेमके महत्त्वाच्या जागी फसते. त्याला सुरुवातीचा कच्चा खर्डा म्हणून वापरायला हरकत नाही, पण अंतिम मजकूर माणसानेच चित्रपट ऐकत लिहायला हवा.

आधी शब्दसूची. भाषांतराला हात घालण्यापूर्वी चित्रपटातील कायद्याचे, पोलिसांचे आणि चर्चचे शब्द वेगळे काढून त्यांचे मराठी एकदाच ठरवावे. ‘पॅरोल’ घ्या. आपल्या वर्तमानपत्रांत पॅरोल म्हणजे कैद्याला काही दिवसांची रजा, ती संपल्यावर तो परत जातो. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षा संपण्यापूर्वी, अटी घालून केलेली सुटका. तोच शब्द तसाच ठेवला, तर पडद्यावरची आई मुलाला पॅरोल मिळाला म्हणून का रडते आहे, हे मराठी प्रेक्षकाला कळणार नाही. तिथे ‘अटींवर सुटका’ लिहावे. ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ या दोन्हींना आपण ‘तुरुंग’ म्हणतो. तिकडे पहिला खटल्याची वाट पाहणाऱ्यांचा आणि थोड्या मुदतीच्या कैद्यांचा, तर दुसरा शिक्षा झालेल्यांचा. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून खितपत पडलेल्या माणसाची गोष्ट असेल, तर ‘कच्ची कैद’ हा आपला रुळलेला शब्द नेमका बसतो.

ग्रँड ज्युरीचेही, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही एवढेच ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचेही, तसेच. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरीतील फर्ग्युसन येथे मायकल ब्राऊन हा अठरा वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. ग्रँड ज्युरीने नोव्हेंबरमध्ये त्या पोलिसावर आरोप ठेवायला नकार दिला. म्हणजे खटला उभाच राहिला नाही. हे ‘निर्दोष सुटका’ असे लिहिले, तर त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या लोकांचा संताप समजत नाही. फर्ग्युसनच्या रहिवाशांनी स्वतः टिपलेल्या दृश्यांचा भरपूर वापर असलेला ‘हूज स्ट्रीट्स?’ (२०१७) लावणाऱ्यांनी ही ओळ दोनदा तपासावी.

मग संबोधने. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम आहे. मराठीत तू, तुम्ही आणि आपण. न्यायाधीश आरोपीला काय म्हणतो, पोलीस आंदोलकाला काय म्हणतो, चर्चमधील वृद्धा पाद्र्याला काय म्हणते, याचा तक्ता आधी करावा. नाहीतर एकाच प्रसंगात तोच पोलीस एका ओळीत ‘तुम्ही मागे व्हा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘हात वर कर’ म्हणतो. रुग्णालयातील संपाच्या चित्रपटात बायका एकमेकींना ‘सिस्टर’ म्हणत असतील, तर तो शब्द तसाच ठेवू नये. आपल्याकडे तो परिचारिकेला लागतो. ‘बाई’ किंवा ‘अगं’ पुरेसे होते.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे. ‘शी बी वर्किंग’ म्हणजे ‘ती काम करते आहे’ नव्हे, ‘ती नेहमी काम करत असते’. प्रमाण इंग्रजीवर पोसलेला भाषांतरकार ही चूक समजून ‘दुरुस्त’ करतो आणि अर्थ बदलतो. त्याचबरोबर या बोलीसाठी मराठीतील एखादी ग्रामीण बोली वापरण्याचा मोहही टाळावा. त्यामुळे डेट्रॉइटचा कामगार अचानक सोलापूरचा वाटू लागतो. साधी, बोलती, प्रमाणाच्या जवळची मराठी ठेवावी.

इशारा: वंशवाचक शिवीच्या जागी मराठीतील जातिवाचक शिवी कधीही घालू नये. ते भाषांतर होत नाही, सभागृहातील कुणाला तरी नव्याने दिलेली शिवी होते, आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडवते. १९६०च्या दशकातील भाषणांत येणारा ‘नीग्रो’ हा शब्द त्या काळाचा म्हणून तसाच ठेवावा. आजच्या निवेदनात ‘कृष्णवर्णीय’ लिहावे.

आता मांडणी. एका वेळी दोनच ओळी, ओळ वाक्याच्या नैसर्गिक तुकड्यावर मोडलेली, आणि पडद्यावर किमान एक सेकंद व जास्तीत जास्त सहा-सात सेकंद राहणारी. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वक्ता ज्या क्षणी ‘मारले’ म्हणतो त्याच क्षणी ते वाचले जावे यासाठी लांब वाक्य दोन तुकड्यांत फोडावे. सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या, देवनागरी अक्षरे नीट टिकवणाऱ्या संकेतपद्धतीत जतन करावी. वेळांचे आकडे इंग्रजीच ठेवावेत. तिथे देवनागरी अंक टाकले की प्लेअर ती ओळ वाचत नाही. सबटायटल सुरुवातीला जुळतात आणि हळूहळू सरकत जातात, ही तक्रार बहुधा फ्रेमच्या वेगातील फरकाची असते. सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या चित्रपटाला २५ फ्रेमसाठी केलेली फाइल लावली, तर तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. अशा वेळी सगळ्या ओळी पाच-दहा सेकंद पुढे ढकलून काही साधत नाही. फाइलचा फ्रेमवेग बदलावा लागतो, आणि सबटायटल एडिटसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते एका आज्ञेत होते.

तपासणी: इंग्रजी न जाणणाऱ्या एका व्यक्तीला आवाज बंद करून पंधरा मिनिटे दाखवा. जिथे ती ‘म्हणजे?’ असे विचारील, ती ओळ पुन्हा लिहा.

६. पडदा, प्रकाश, आवाज

चाचणी खेळाच्या आदल्या दिवशी, त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर आणि त्याच वायरीने घ्यावी. जोडाक्षरे फुटून ‘न्याय’ऐवजी ‘न् याय’ दिसत असेल, तर फॉन्ट बदलावा किंवा वितरकाची परवानगी असल्यास सबटायटल चित्रातच कायमचे उमटवून घ्यावेत. जुन्या कृष्णधवल वृत्तदृश्यांत पांढरी अक्षरे पांढऱ्या कोटांवर आणि पांढऱ्या आकाशावर विरघळतात; अक्षरांना काळी कड किंवा मागे काळी पट्टी द्यावी.

१९७० च्या आसपासचे असे माहितीपट बहुधा जवळपास चौकोनी चौकटीत आहेत. प्रोजेक्टर रुंद पडद्याला भरून टाकण्यासाठी ते ताणतो आणि माणसे बुटकी व फुगीर दिसतात. बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. ‘पडदा रिकामा दिसतो’ ही तक्रार कोणी केली तरी ऐकू नये.

याहून महत्त्वाचे म्हणजे अंधार. रंगीत फिल्म आणि तिच्या छपाईची मापे दीर्घकाळ गोऱ्या त्वचेवर बेतलेली होती, त्यामुळे जुन्या चित्रणात काळ्या चेहऱ्यांचे बारकावे मुळातच दबलेले असतात. त्यात सभागृहाचे दिवे अर्धवट चालू आणि प्रोजेक्टर क्षीण असेल, तर रात्रीच्या दृश्यात डोळे आणि दात एवढेच उरतात. हे केवळ तांत्रिक नुकसान नाही. ज्या माणसांना पाहायला आपण जमलो, तीच दिसत नाहीत. चित्रपटातील सर्वांत काळोखी, चेहरा जवळून दिसणारी चौकट शोधून तिथे थांबावे, शेवटच्या रांगेत जाऊन बसावे आणि त्या माणसाच्या कपाळावरची आठी दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर आधी खिडक्यांना काळे कापड लावावे, दिवे पूर्ण मालवावेत आणि मगच गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजेड, थोडा वाढवावा. थेट ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो आणि सगळेच फिके पडते.

आवाज एकदा भरल्या सभागृहाच्या अंदाजाने लावून पाहावा, एवढे पुरे.

७. खेळापूर्वीची पाच मिनिटे

प्रास्ताविक पाच मिनिटांपेक्षा लांबले की प्रेक्षक चित्रपट पाहण्याआधीच त्याचा अर्थ ऐकून बसतात. एका पानाचे टिपण वाटावे: घटना कुठे आणि कधी घडली, राज्य कोणते, पोलीस शहराचे की राज्याचे, आणि न्यायालयात शेवटी काय झाले. लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला १६ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमधील एका दुकानात गोळी घातली गेली. ज्युरीने दुकानमालकिणीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले, पण न्यायाधीशांनी तुरुंगवास न देता प्रोबेशन (देखरेखीखाली मोकळीक), समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढ्यावर तिला सोडले. हा निकाल टिपणात नसेल, तर चर्चेतला पहिला अर्धा तास तो विचारण्यात जातो.

चित्रपटात हिंसेची दृश्ये असतील, तर कोणत्या स्वरूपाची आहेत हे आधी सांगावे आणि बाहेर जाण्याचा रस्ता दाखवावा. मृत्यूची दृश्ये कापून व्हॉट्सॲप स्टेटसवर प्रचारासाठी टाकू नयेत. लताशावरील लघुपट दुकानातील सीसीटीव्ही चित्रण मुद्दाम वापरत नाही. ती मुलगी कशी होती हे तिच्या मैत्रिणीच्या आणि नात्यातल्या बहिणीच्या आठवणींतून उभे करतो. दिग्दर्शिकेने टाळलेले दृश्य इंटरनेटवरून आणून आपण पोस्टरवर चिकटवणे हा तिचा अपमान आहे.

८. चर्चा

चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत. श्रेयनामावली पूर्ण होऊ द्यावी. त्यानंतर पहिली वीस मिनिटे प्रश्न फक्त पडद्यावर दिसलेल्या गोष्टींविषयीच घ्यावेत: संपातील स्त्रियांची मागणी नेमकी काय होती, तडजोड कुणी केली, कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा होता. हा नियम सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावा आणि पाळावा. ‘आपल्याकडेही हेच’ असे कुणी पहिल्या मिनिटाला म्हणाले, की पुढे जातीवरची आपली नेहमीची चर्चा सुरू होते आणि चार्ल्स्टनच्या त्या बायकांची नावेसुद्धा कुणाला आठवत नाहीत.

तुलना जरूर करावी, पण उत्तरार्धात आणि कागद हातात घेऊन. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे अर्पणपत्र वाचून दाखवता येते. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती; ते पत्रही छापून वाटता येईल. अशी कागदपत्रे समोर असली म्हणजे साम्याइतकाच फरकही बोलता येतो, जसे वंशभेदाची कायद्याने आखलेली रेषा आणि जातीची जन्माने, रोटीबेटीने आखलेली रेषा.

वक्ते दोनच असावेत. मुंबई-पुण्यातील विद्यापीठांत शिकणारे आफ्रिकी देशांचे विद्यार्थी हे अमेरिकी कृष्णवर्णीयांचे प्रतिनिधी नव्हेत. रंगावरून मंचावर बोलावणे हा सौजन्याचा आव आणलेला भेदभावच झाला. त्यांना प्रेक्षक म्हणून निमंत्रण द्यावे, बोलायचे असेल तर ते बोलतील.

इशारा: प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्याला दोन मिनिटांनी थांबवण्याचा अधिकार सूत्रसंचालकाला आधीच जाहीरपणे द्यावा. ऐनवेळी कुणी थांबवायला धजत नाही.

९. खेळानंतरचे काम

आठवड्याच्या आत वितरकाला उपस्थितांची संख्या, खेळाची तारीख आणि शुल्काची पावती पाठवावी. परवाना एका खेळाचा असेल, तर दिलेली फाइल लॅपटॉपवरून आणि पेनड्राइव्हवरून पुसून तसे कळवावे. ‘मित्रमंडळाला हवी होती’ म्हणून ती पुढे फिरली, तर पुढच्या वेळी उत्तरही येत नाही. मराठी सबटायटलची फाइल मात्र वितरकाला आवर्जून द्यावी, भाषांतरकाराचे नाव आणि तारीख घालून, म्हणजे नांदेडमधील किंवा न्यू जर्सीतील दुसरे मंडळ तोच चित्रपट मागेल तेव्हा त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. शब्दसूची वेगळ्या फाइलीत जपून ठेवावी. पुढच्या चित्रपटात पॅरोल, ग्रँड ज्युरी आणि शेरीफ पुन्हा भेटणारच आहेत.